राजेंचे पेले

४ तारीख, मंगळवार

आणि ताईचं परत तेच. सावलीतलं काम आहे, डोक्यावर पंखा आहे, बसायला खुर्ची आहे, आता तरी टिक. जणू मी खुर्चीसाठी घर सोडून एवढ्या लांब आलोय. फोनवर मी गप्प बसलो, कारण तोंड उघडलं असतं तर तिनं आधी गॅरेज काढलं असतं, मग लाँड्री, मग ते पुठ्ठ्याच्या कारखान्याचं. कुठं किती दिवस टिकलो ते तिला माझ्यापेक्षा नीट पाठ आहे. तुझ्या पायाला भिंगरी आहे, म्हणते. असेल. पण या खुर्चीवर बसून मी काय करतो ते तिनं एकदा येऊन बघावं.

आज सकाळी एकाला पेन्सिलचं टोक टोचलं. रक्त नाही, पण टोचलं. एकीला केसांना लावायला रबर हवं होतं. म्हटलं, हा दवाखाना आहे. तर म्हणाली, केस डोळ्यात जातात, मग डोळे दुखतात, मग मी इथंच येणार ना. एकाच्या बुटात खडा गेला होता. तो खडा घेऊन तिसऱ्या मजल्यावरून लंगडत खाली आला आणि पाय माझ्यापुढं करून उभा राहिला. मी काढला. थँक्यू नाही, काही नाही. उलट, नाडी पण बांध, म्हणाला.

शाळेची आजारी खोली म्हणजे दोन खाटा, एक कपाट, एक छोटा फ्रिज, वजनकाटा, खोलीचाच स्वतंत्र संडास, आणि सिस्टर. सिस्टर म्हणजे शाळेच्या नर्सबाई. पंचवीस वर्षं मोठ्या दवाखान्यात काढून इथं आल्या. मी त्यांच्या हाताखाली. पट्ट्या कापायच्या, बर्फाच्या पिशव्या भरायच्या, चादरी बदलायच्या, कुणी ओकलं तर पुसायचं, आणि वही लिहायची.

ही वही माझा जीव घेणार आहे. सिस्टरांचा नियम असा की मूल काहीही घेऊन येवो, खडा असो नाहीतर रबर, त्याचं नाव, वर्ग, वेळ आणि तक्रार त्याच्याच शब्दांत लिहायची. 'काही नाही' असं लिहायचं नाही. 'नाटक' तर मुळीच नाही. पहिल्या आठवड्यात मी दोनदा नाटक लिहिलं, तर त्यांनी ते खोडून मला पुन्हा लिहायला लावलं. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. माझी एक ओळ होईपर्यंत दारात तीन पोरं उभी.

म्हणून त्यांनी ही गेल्या वर्षीची कोरी डायरी दिली. रोज घरी पानभर लिही, हात सुटेल. काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, मनातलं लिही, मी वाचणार नाही. बरं आहे. छापलेले वार जुळत नाहीत, म्हणून वार मी हातानं घालतो.

आईच्या हाताला मुंग्या येतात म्हणे. दिवसभर शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईच्या हाताला मुंग्या येणार नाहीत तर काय होईल. बाम लाव, म्हटलं.

५ तारीख, बुधवार

गणिताच्या तासाला चार पोटं दुखली. तास संपल्यावर चारही थांबली. सिस्टरांनी चौघांची नाडी बघितली, जीभ बघितली, पोट दाबून बघितलं आणि मला चार ओळी लिहायला लावल्या. एकाची तक्रार होती, पोटात अपूर्णांक दुखतात. तीही तशीच लिहिली. सिस्टर हसल्या आणि खाली सही केली. रोज संध्याकाळी पानाखाली सही करतात.

७ तारीख, शुक्रवार

या महिन्यात सिस्टर मधल्या सुट्टीच्या आधी दोन तास पलीकडच्या इमारतीत असतात. सगळ्या शाळेची वर्षाची उंची-वजनं घ्यायची आहेत, धाकट्या वर्गांपासून सुरुवात. तेवढा वेळ खोलीचा मालक मी. काही मोठं झालं तर पळत मला सांगायला ये, म्हणाल्या.

मोठं काय होणार. राजे आले, एवढंच.

हे नाव मीच ठेवलंय. चौथीतलं नऊ वर्षांचं पोर. दारावर टकटक नाही, विचारणं नाही. सरळ फ्रिजकडं बोट. "थंड. भरून." मी पेला भरून दिला. उभ्यानं प्यायला, पेला तसाच पुढं केला, परत भरून. मग आमच्याच संडासात गेला. म्हटलं, वर प्रत्येक मजल्यावर संडास आहेत. तर म्हणाला, त्याची कडी तुटलीय, इथली चांगली आहे. बाहेर आला, परत पाणी. तीन पेले झाले आणि निघाले राजे.

आता याची तक्रार काय लिहू? दुखत काही नाही, खुपत काही नाही. शेवटी मी वहीच्या कडेला छोटा पेला काढला, असे तीन, आणि वर तीन टोकांचा मुकुट. सिस्टरांनी संध्याकाळी सही केली. काही बोलल्या नाहीत. म्हणजे चालतंय.

११ तारीख, मंगळवार

ताईशी वाजलं. आईच्या हातातून कात्री पडली, म्हणते. पडली तर पडली, माझ्या हातातून दिवसाला दहा वस्तू पडतात. वय झालं, डोळे कमी झाले असतील. ताई म्हणाली, हात आणि डोळे यातला फरक तुला कळतो का, दवाखान्यात काम करतोस ना. मी म्हटलं, दवाखान्यात काम करतो म्हणूनच कळतं, नव्वद टक्के दुखणी बोलण्यातली असतात. ती म्हणाली, तू आईशी हे बोलू नकोस. आणि फोन ठेवला.

इथं पट्टीवाली रोज येते. दुसरीतली. तिला रंगीत पट्टी हवी असते. जखम कुठंय विचारलं की शोधायला लागते. आज कोपरावर सापडली. मागच्या महिन्यातली, बरी झालेली. तिची आई गेटवर भेटली तर मलाच म्हणते, कार्टून असलेल्या पट्ट्या का ठेवत नाही तुम्ही, एवढी फी घेता. फी मी घेतो, असं तिला वाटतं बहुतेक.

राजे: पाच पेले. दोनदा येऊन.

१३ तारीख, गुरुवार

आज राजेंनी नवीन काम सांगितलं. पँट खाली घसरते. पट्ट्याला एक भोक पाड. म्हटलं, मी चांभार आहे का? म्हणाला, तुझ्याकडं कात्री आहे, सुई आहे, सगळं आहे. पट्टा काढून टेबलावर टाकला आणि दोन्ही हातांनी पँट धरून उभा राहिला. मला हसू आलं. कपाटात खिळा होता. सुतळी बांधलेल्या जुन्या औषधाच्या खोक्यावर पट्टा ठेवला आणि वजनकाट्याच्या सुट्या लोखंडी वजनानं ठोकलं. भोक इतकं गोल पडलं की मीच दोनदा बघितलं. पुठ्ठ्याच्या कारखान्यात चार महिने भोकंच पाडली होती, ती विद्या कुठंतरी कामाला आली.

आईबाप मोठ्या मापाचे कपडे घेतात आणि पोरगं आमच्याकडं पाठवतात. जाताना म्हणाला, पाणी. सहा पेले. तक्रार काढायची तर पट्ट्याची काढावी लागेल. पट्टा काढला, पेल्यांच्या शेजारी.

माझ्या राहत्या खोलीतला सोबती ड्रायव्हर आहे, बंदरावर माल नेतो. तिथल्या गोदामात माणसं घेताहेत, म्हणाला. पगार जास्त, ओळीत उभ्या पोरांची नाडी बांधायची नाही. पुढच्या एक तारखेपासून. मी हो म्हटलं. ताईला एवढ्यात सांगणार नाही.

१४ तारीख, शुक्रवार

विशेष नाही. रबरवालीला रबर दिलं. राजे: सात.

१८ तारीख, मंगळवार

आज माझं डोकं फिरलं.

चौथीच्या बाई स्वतः खाली आल्या. त्या राजेंच्या वर्गशिक्षिका. म्हणाल्या, हा सारखा वर्गाबाहेर असतो, कधी पाणी, कधी संडास. फळ्यावरचं चुकीचं उतरवतो, विचारलं तर म्हणतो तुमचंच अक्षर धूसर आहे. परवा तर बाकावर झोपला. तुम्ही त्याला इथं थारा देता म्हणून सोकावलाय. मला. सिस्टर नव्हत्या, त्यामुळं ऐकून घ्यायला मीच. मी मान खाली घालून ऐकलं. माझ्या शाळेतही बाई असंच बोलायच्या, फक्त तेव्हा सोकावलेला मी होतो.

त्या गेल्या आणि अर्ध्या तासात राजे हजर. बोट फ्रिजकडं. मी फ्रिजला पाठ लावून उभा राहिलो. म्हटलं, "बोला राजे. घरी पाण्याचा दुष्काळ पडलाय का?"

"माझी बाटली संपली."

"मग मोठी बाटली आणा."

"मोठीच आहे. ती पण संपली."

"मग तहान लहान करा. आजपासून दुकान बंद. पाणी नाही, संडास नाही. काही दुखलं तर यायचं, नाहीतर तोंड दाखवायचं नाही."

मला वाटलं भांडेल. नेहमी भांडतो. तो खाटेच्या कडेला टेकला, जरा वेळ, आणि उठून गेला. जाताना दार पण आपटलं नाही. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मलाच एवढंसं झाल्यासारखं वाटलं.

वहीत त्याच्यापुढं पेला नाही. पहिल्यांदाच.

१९ तारीख, बुधवार

मैदानाकडच्या नळाला तोंड लावून पीत होता. मी खिडकीतून बघितलं. बाकीची पोरं खेळून आली, हात धुऊन गेली, हा नळाशीच. माझी पैज आहे, मला दाखवायला करत होता.

मधल्या सुट्टीत आला. पाण्याचं नाव काढलं नाही, पट्टा पुढं केला. अजून एक भोक. मी पाडलं. म्हटलं चला, नमला. आधीच्या भोकाच्या बोटभर आत, तितकंच गोल.

२१ तारीख, शुक्रवार

काल लिहिलं नाही. काल जे झालं ते लिहायला हात धजत नव्हता. आज लिहितो, जसं झालं तसं.

गणिताचा तास. सिस्टर पलीकडच्या इमारतीत, वजनं घेत. तीन पोटं दुखत आली, त्यांच्या मागून चौथं राजेंचं. मी म्हटलं, वा, तुम्ही पण? बसा रांगेत. तो बाकावर बसला, भिंतीला डोकं टेकलं. मी पहिल्या तिघांच्या तक्रारी लिहीत होतो, आणि मुद्दाम सावकाश लिहीत होतो, म्हणजे तास संपेल आणि पोटं आपोआप बरी होतील. सिस्टर नसताना मी हेच करतो.

त्याची पाळी आली तेव्हा वीस मिनिटं झाली होती. जवळ गेलो तर तोंडाला गोड वास, जास्त पिकलेल्या फळासारखा. मी ओरडलो. वर्गात चघळत बसायचं आणि मग पोट दुखलं म्हणून इथं यायचं. तो जोरजोरात श्वास घेत होता, पळून आल्यासारखा, पण पळून आलेलं पोर वीस मिनिटांनी शांत होतं.

मी वही घेतली. काय दुखतंय सांग, तुझ्या शब्दांत. म्हणाला, सगळं.

मला वाटलं आता पाणी मागेल. मी वाट बघत होतो, खरंच सांगतो, मागितलं असतं तर दिलं असतं. त्यानं मागितलं नाही. शेवटी मीच म्हटलं, पाणी हवंय का रे? त्यानं मान हलवली. नको.

आणि मी वही मिटली. का ते मला सांगता येणार नाही. रोज हुकूम सोडणारं पोर नको म्हणतंय, एवढंच. रांगेतल्या तिघांना म्हटलं, याला पडू देऊ नका, धरून बसा, आणि मैदानातून असा पळालो की वॉचमनकाका शिट्टी वाजवत मागं आले.

सिस्टर एका पोराला काट्यावर उभं करत होत्या. मी म्हटलं, राजे पाणी मागत नाहीत. त्या म्हणाल्या, कोण राजे? मग मी सांगत सुटलो. रोज सात-सात पेले, संडास, पट्ट्याला दोन भोकं, बाकावर झोपणं, आज पोट, वास. सिस्टरांनी एकच विचारलं.

"वास कसा? गोड?"

"गोड. सडक्या फळाचा."

काट्यावरचं पोर तसंच राहिलं. पन्नाशीच्या पुढच्या बाई माझ्यापुढं पळत होत्या.

खोलीत ती तिघं पोटदुखीवाली त्याला दोन्हीकडून धरून बसली होती. एकानं त्याच्या पाठीमागं आपलं दप्तर लावलं होतं. सिस्टरांनी त्याचं बोट टोचून रक्तातली साखर बघायच्या यंत्रावर थेंब घेतला. यंत्रावर आकडा आला नाही, नुसती दोन अक्षरं आली. मी विचारलं, बिघडलंय का? म्हणाल्या, बिघडलेलं नाही. मोजता येते त्याच्या पलीकडं साखर आहे. गाडी बोलाव.

शाळेची गाडी दारातच होती. मी त्याला उचललं. नऊ वर्षांचं पोर, मला वाटलं जड असेल. रिकामं दप्तर उचलावं तसा हात वर आला. दोन भोकं पाडली ती मी, आणि वजन कळलं ते काल.

गाडीत तो एकदाच बोलला. "दादा, हळू." मी हळू धरलं. म्हटलं, बाळा, आलंच बघ हॉस्पिटल. त्याला मी बाळा म्हटलं हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

हॉस्पिटलमध्ये त्याला आत नेलं. सिस्टर आत, मी बाहेर. त्याचे आईवडील आले, मला ओळखलं नाही, मीही सांगितलं नाही. दोन तासांनी सिस्टर बाहेर आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि चप्पल काढून पाय चोळायला लागल्या. त्यावरून मला कळलं, पोर वाचलं. मग त्यांनी सांगितलं. लहान मुलांना होणारा मधुमेह. शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, म्हणून साखर नुसती साठते, लघवीवाटे जाते, पोर आटत जातं. आता सलाइन आणि इन्सुलिन चालू आहे. उतरतेय. शुद्धीवर आहे.

मी विचारलं, अजून एक दिवस गेला असता तर?

त्या म्हणाल्या, नाही गेला ना.

२२ तारीख, शनिवार

सिस्टरांचा फोन. राजे उठून बसले. उशी बदला, म्हणाले. मी एकटाच खोलीत हसलो.

पण आता दुसरं. सोमवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मीटिंग ठेवलीय. आईवडील येणार. शाळेत डॉक्टरी खोली असून दोन आठवडे कुणाला दिसलं कसं नाही, हे त्यांना विचारायचंय. सिस्टरांना वही घेऊन बोलावलंय.

आज खोली उघडून वही बघितली. पानामागून पान पेले. नाव नाही, वेळ नाही, त्याचा शब्द नाही. मुकुट आहेत. आणि प्रत्येक पानाखाली सिस्टरांची सही. माझं एक वेळ जाऊ दे, मी तर एक तारखेला जाणारच आहे. पण त्यांची पंचवीस वर्षं त्या मुकुटांच्या खाली.

ड्रायव्हरला सांगितलं. म्हणाला, पानं फाड, चहा सांड, लहान पोरांनी फाडली सांग. सोपं आहे. तू सोमवारी येऊच नकोस, मी उद्याच गोदामात बोलतो.

दोन्ही जमण्यासारखं आहे.

२३ तारीख, रविवार

फाडलं नाही. का ते नीट सांगता येत नाही. त्याचं एवढंच लिहिलेलं आहे तिथं. वाईट का होईना.

२४ तारीख, सोमवार

मीटिंगला मला बोलावलं नव्हतं. मी गेलो. मोठ्या बाईंच्या खोलीत सिस्टर, राजेंचे वडील, आई, चौथीच्या बाई. मी दारात उभा राहून म्हटलं, वही मी लिहितो. सिस्टरांचा यात दोष नाही. तो यायचा, मी लिहायचं टाळलं, चित्रं काढली. पाणी पण मीच बंद केलं. दोन दिवस.

पाठ केलं होतं.

वडील उठले. मला वाटलं मारतील, आणि मारलं असतं तरी मी हललो नसतो. पण सिस्टर बोलल्या. म्हणाल्या, "सही माझी आहे. रोज संध्याकाळी मी हे पेले बघत होते. मला वाटलं पोराचा वेळ जात नाही, चित्रं काढतो. विचारलं नाही मी त्याला. पंचवीस वर्षांत पोरांना विचारायला शिकले, याला विचारायचं राहिलं."

मग राजेंची आई म्हणाली की घरी तो अंथरूण ओलं करायला लागला होता, नऊ वर्षांचा घोडा, म्हणून संध्याकाळनंतर त्यांनी पाण्याची बाटलीच कपाटात कुलुपात ठेवली होती. दहा दिवस. आणि तो रडून पाणी मागायचा. एवढं बोलून ती तोंडाला ओढणी लावून बसली. वडील परत खुर्चीवर बसले. चौथीच्या बाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, माझं अक्षर धूसर आहे म्हणाला होता, मी त्याला कोपऱ्यात उभं केलं.

सिस्टरांनी सांगितलं की वही डॉक्टरांनीही बघितली. सात तारखेला तीन, मग पाच, मग सहा आणि पट्टा, मग सात. डॉक्टर म्हणाले, सुरुवात कधी झाली, वाढली कशी, हे इतकं नीट आईबापही सांगू शकत नाहीत. कुणी काढलंय हे?

मोठ्या बाईंनी मला समज दिली, लेखी. सिस्टरांनाही दिली. वही यापुढं रोज मोठमोठ्यानं वाचून मग सही करायची, असं ठरलं. कुणाची नोकरी गेली नाही.

बाहेर पडल्यावर सिस्टर म्हणाल्या, चल, पोटदुखीवाले थांबलेत. आणि खरंच तीन जण थांबले होते. पण आज पोट नव्हतं दुखत. तो बरा आहे का, विचारायला आले होते. सिस्टर म्हणाल्या, हेही लिही. लिहिलं. तक्रार: 'तो परत येणार का.'

२८ तारीख, शुक्रवार

ड्रायव्हरला नाही म्हणून सांगितलं. गोदामात पत्रे आहेत, उन्हाळ्यात भाजून निघतं माणूस, आणि बंदराकडं डास फार. हेच कारण, दुसरं काही नाही. तो म्हणाला, नाड्या बांध जा. म्हटलं, बांधतो.

वही पूर्ण शब्दांत लिहितोय. रांग लांबते. पोरं नाक मुरडतात. रबरवाली म्हणाली, तू फार हळू लिहितोस. म्हटलं, तू सांग हळू. मग तिनं सांगितलं की रबर नकोच असतं तिला, वर्गातल्या दोघी तिचे केस ओढतात म्हणून ती खाली येते. दोन महिने मी तिला रबरं देतोय. सिस्टरांना दाखवलं, त्या वर जाऊन वर्गशिक्षिकांशी बोलून आल्या.

पट्टीवालीला मात्र खरंच पट्टीच हवी असते. तेही लिहिलं.

पुढचा महिना, ३ तारीख, गुरुवार

राजे परत आले.

दारावर टकटक केली. मी बघतच राहिलो. पण ती तेवढ्यापुरतीच, कारण पुढचं वाक्य होतं, माझी खुर्ची कुठली? आता रोज जेवणाआधी त्याला इथं यायचंय. बोट टोचून आकडा बघायचा, मग सिस्टर इन्सुलिन देणार. म्हणून त्याला खुर्ची हवी, खिडकीजवळची, आणि ती दुसऱ्या कुणी वापरायची नाही. मी म्हटलं, ती माझी खुर्ची आहे. म्हणाला, तू उभा राहा.

गाल जरा भरलेत. पट्टा आता पहिल्या भोकावर आहे, माझ्या. दुसरं वापरत नाही.

सिस्टरांनी टोचायला बोट मागितलं तर देईना. दादानं धरायचं, म्हणाला. मी हात धरला. डोळे घट्ट मिटले, सगळी ऐट संपली, नऊ वर्षांचं पोर झालं नुसतं. टोचून झालं तरी हात सोडला नाही. मग यंत्राकडं बघून म्हणाला, आज आकडा आला. जसा त्यानंच आणला. पाणी देऊ का विचारलं. अर्धा पेला, म्हणाला. तोही पुरता संपवला नाही.

वहीत नाव लिहिलं, वर्ग, वेळ, आकडा. मुकुट काढू का विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, नावाच्या पुढं काढ, नावाच्या ऐवजी नको.

संध्याकाळी घरी फोन केला. ताईला म्हटलं, आईला दे. आईनं नेहमीचं सुरू केलं, काही नाही रे, बरी आहे, तू जेवलास का. मी म्हटलं, आई, 'काही नाही' असं मला लिहिता येत नाही, आमच्याकडं चालत नाही. कुठला हात? ती हसली, म्हणाली, तू काय लिहून घेतोयस की काय. म्हटलं, हो, सावकाश सांग, माझा हात हळू चालतो.

लिहून घेतलं ते असं. उजवा हात. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. दीड महिना झाला. पहाटे जास्त, झटकला की जरा बरं. कात्री तीनदा पडली, ताईला एकदाचंच माहीत आहे. सुई ओवता येत नाही, शेजारणीकडून ओवून घेते. तिच्या शब्दांत: 'हात माझा असून माझा नाही असं वाटतं.'

हे मी सिस्टरांना उद्या वाचून दाखवणार. पण थांबायला नको, नसांच्या डॉक्टरकडं न्यायला ताईला सांगितलं. ती म्हणाली, बोलण्यातलं दुखणं आहे ना ते? मी म्हटलं, ताई, माझं चुकलं. ती म्हणाली, डॉक्टर महाग आहे. म्हटलं, आज पगार झाला. नेहमीचे पैसे वेगळे पाठवीन. हे फक्त आईच्या हाताचे.

पाठवले: चार हजार सहाशे.